तिसरा मॉनिटर काळाच! लॅपटॉपला नक्की किती पडदे झेपतात?

वहीखातं
१६ ऑगस्ट, रात्री ११:१२

मंडळी, दोन दिवस डोकं खाजवून झालं, आता तुम्हीच सांगा.

मी ठाण्यात घरून अकाउंट्सची कामं करते. सात-आठ छोट्या व्यापाऱ्यांची खाती आहेत. १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी (खरेदीच्या बिलांची यादी) येतं, २० च्या आत ३बी (महिन्याचं विवरणपत्र) भरायचं. मधले सहा दिवस बिलं आणि २बी ओळीला ओळ लावून बघत बसायचं. एका पडद्यावर टॅली, दुसऱ्यावर एक्सेल, तिसऱ्यावर पार्टीने व्हॉट्सॅपवर टाकलेले बिलांचे फोटो (तिरके, आणि कोपऱ्यात अंगठा). एकाच मॉनिटरवर खिडक्या बदलून बदलून बोटं दुखतात.

नणंदेच्या ऑफिसने सामान काढलं तेव्हा दोन २४ इंची मॉनिटर फुकट मिळाले. माझा एक होताच. लॅपटॉप सेकंडहँड, इंटेलचा आय-फाइव्ह, आठवी पिढी. त्याला एक एचडीएमआय आणि एक टाइप-सी. टाइप-सीवर लावायला दोन एचडीएमआयवाला डॉक (एका भोकाची जास्त भोकं करणारी डबी) आणला. म्हणजे जागा तीन, मॉनिटर तीन. हिशेब जुळायला हवा ना? जुळत नाहीये.

डॉकवरचे दोन लागतात. लॅपटॉपच्या एचडीएमआयवरचा काळा. सेटिंगमध्ये त्याची चौकट दिसते, पण 'एक्स्टेंड' केलं की सेव्हच होत नाही. वायरी बदलून पाहिल्या, मॉनिटर बदलून पाहिले. जो सगळ्यात शेवटी लावावा तो काळा.

दुकानदार म्हणतो डॉकला काही झालेलं नाही, ग्राफिक कार्ड कमी पडतंय, ४ जीबी कार्डवाला नवीन लॅपटॉप घ्या. खरंच का?

शेंगदाणा
१६ ऑगस्ट, रात्री ११:२०

वायर बदलून बघा. दहापैकी नऊ वेळा वायरच असते.

वहीखातं
१६ ऑगस्ट, रात्री ११:२३

बदलल्या हो. वर लिहिलंय.

शेंगदाणा
१६ ऑगस्ट, रात्री ११:२४

मग ड्रायव्हर.

गच्चीवरचा
१६ ऑगस्ट, रात्री ११:३१

शेंगदाणा, आता 'बंद करून चालू करा' तेवढंच राहिलं. तेही सांगून मोकळा हो. (दिवा घे, म्हणजे गंमत समज)

अर्धाचहा
१७ ऑगस्ट, सकाळी ७:४८

वायर, ड्रायव्हर, डॉक, सगळं धडधाकट आहे. तुम्ही मोजताय तीन, लॅपटॉप मोजतोय चार. त्याचा स्वतःचा पडदा तुम्ही धरलाच नाहीत.

ग्राफिक्स चिपमध्ये पडद्याकडे चित्र पाठवणाऱ्या वाटा ठरावीक असतात. इंटेलवाले त्यांना पाइपच म्हणतात. तुमच्या आठव्या पिढीत बहुधा यूएचडी ६२० ही ग्राफिक्स चिप असेल, त्यात असे पाइप ३. बाहेर भोकं किती आहेत याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. गच्चीवरच्या टाकीतून तीनच पाइप खाली उतरलेत आणि तुम्ही घरात चार नळ बसवलेत, असं समजा. चौथ्याला पाणी येणार कुठून? आणि म्हणूनच जो शेवटी लावाल तो कोरडा.

इंटेलच्या २०११ च्या दुसऱ्या पिढीत दोनच पडदे चालायचे. २०१२ ला तिसऱ्या पिढीत तीन झाले, तेही अटी घालून. तीनचे चार व्हायला लॅपटॉपमध्ये अकरावी पिढी यावी लागली, २०२० साली.

आता ते ४ जीबी. फुल एचडी पडद्याचं एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, एका ठिपक्याला ४ बाइट. झाले सव्वाआठ एमबीच्या आसपास. तीन पडद्यांचे पंचवीस एमबी धरा. २५ एमबीसाठी ४ जीबी म्हणजे वाटीभर वरणाला लग्नातलं पातेलं. ती मेमरी गेम आणि थ्रीडी कामासाठी लागते, मॉनिटरच्या संख्येसाठी नाही.

वहीखातं
१७ ऑगस्ट, सकाळी ८:१५

थांबा थांबा. आता एक गोष्ट लक्षात येतेय.

लॅपटॉप मिटला तरी झोपू नये असं सेटिंग नवऱ्याने पूर्वीच करून ठेवलंय. काल वैतागून मी झाकण मिटलं आणि पाणी प्यायला गेले. परत येऊन बघते तर तिसऱ्यावर वॉलपेपर! म्हटलं देव पावला. आनंदाने झाकण उघडलं, परत काळा. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, तुला झोपेची गरज आहे.

अर्धाचहा
१७ ऑगस्ट, सकाळी ८:१९

त्यांना सांगा तुम्ही पूर्ण जाग्या होतात. झाकण मिटलं, एक पाइप मोकळा झाला, तो तिसऱ्या मॉनिटरला मिळाला. याहून चांगला पुरावा मीही देऊ शकलो नसतो.

रातकिडा
१७ ऑगस्ट, सकाळी १०:०२

माझ्याकडे गेमिंग लॅपटॉप आहे. इंटेलची चिप तुमच्यासारखीच तीनवाली, तरी लॅपटॉपचा धरून पाच पडदे चालतात. तीनची मर्यादा वगैरे सरसकट खरं नाही.

अर्धाचहा
१७ ऑगस्ट, सकाळी १०:४०

तुमच्यात ग्राफिक्स चिपाच दोन आहेत, एक इंटेलची आणि एक वेगळ्या कार्डाची. कुठला मॉनिटर कुठे लावलाय ते सांगा.

रातकिडा
१७ ऑगस्ट, सकाळी ११:०५

एक एचडीएमआयवर, एक मिनी डिस्प्लेपोर्टवर (मॉनिटरचंच दुसऱ्या प्रकारचं भोक), दोन टाइप-सीच्या हबवर.

आणि हो, आत्ता माझ्या दुसऱ्या चिपच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या, कंट्रोल पॅनेलमध्ये बघितलं. 'फिजएक्स' नावाच्या पानावर कुठली जोडणी कुठल्या चिपवर जाते त्याचं चित्रच आहे. एचडीएमआय आणि मिनी डिस्प्लेपोर्ट एनव्हिडियावर. टाइप-सी आणि लॅपटॉपचा पडदा इंटेलवर. म्हणजे इंटेलचे तीन, एनव्हिडियाचे दोन. बरोबर पाच. माझाच मुद्दा माझ्यावर उलटला वाटतं.

अर्धाचहा
१७ ऑगस्ट, सकाळी ११:३०

उलटला नाही, पुरा झाला. पण सगळ्यांचं तुमच्यासारखं असतं असं नाही, गोम तिथेच आहे. २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस नावाची पद्धत आणली. त्यात कष्टाचं काम एनव्हिडियाची चिप करते आणि तयार चित्र इंटेलच्या हातात देते, पडद्याकडे इंटेल पाठवतं. बॅटरी वाचते. पण काही लॅपटॉपांत एनव्हिडियाच्या चिपेला बाहेरचं एकही दार दिलेलं नसतं. एचडीएमआयसुद्धा इंटेलवरूनच. तिथे '४ जीबी ग्राफिक्स'चं स्टिकर असलं तरी पडद्यांची मोजणी इंटेलचीच.

म्हणजे वहीखातं ताईंनी दुकानदाराचं ऐकून नवा लॅपटॉप घेतला आणि तो असा निघाला, तर पैसे जातील आणि तिसरा मॉनिटर काळा तो काळाच.

तिरकी रेघ
१७ ऑगस्ट, दुपारी १:१५

मॅकवाल्यांची व्यथा ऐका. अॅपलच्या साध्या एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुकला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, हे स्पेसिफिकेशनमध्ये स्वच्छ छापलेलं आहे. मी ते न वाचता दोन एचडीएमआयचा डॉक घेतला, चूक शंभर टक्के माझी. दोन्ही मॉनिटर लागले पण दोन्हीवर तेच चित्र. कारण एका वायरीतून दोन मॉनिटर वेगवेगळे चालवायची एमएसटी नावाची जी युक्ती आहे ती विंडोजला जमते, मॅकओएस तिच्यावरून दोन वेगळे पडदे देत नाही.

डॉक परत द्यायला गेले. दुकानदाराने दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाला, "दोन्ही चालू आहेत की मॅडम." काय बोलणार?

२०२४ च्या एम३ एअरला दोन चालतात पण झाकण मिटून, म्हणजे वहीखातं यांच्यासारखंच. २०२५ च्या एम४ एअरला झाकण उघडं ठेवून दोन. प्रो आणि मॅक्स चिपांचं गणित आधीपासून वेगळं आहे.

गच्चीवरचा
१७ ऑगस्ट, दुपारी १:२२

"दोन्ही चालू आहेत की मॅडम" आता ऑफिसात वापरणार. अपरेझलच्या वेळी.

खारेदाणे
१७ ऑगस्ट, दुपारी ३:५०

मूळ प्रश्नच चुकलाय. तीन मॉनिटर लागतात कशाला? मान किती वळवणार? एकच ४३ इंची ४के घ्या. ३८४० गुणिले २१६० म्हणजे बरोबर चार फुल एचडी पडदे, मध्ये एकही काळी पट्टी नाही. पाइप लागतो एकच. टेबलावर वायरींचा गुंता नाही, इन्व्हर्टरला त्रास नाही. हे माझं वैयक्तिक मत.

वळचण
१७ ऑगस्ट, दुपारी ४:१०

खारेदाणे, सल्ला चांगला आहे पण यांच्या लॅपटॉपवर तो कसा लावायचा तेही सांगा. त्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपांचं एचडीएमआय १.४ असतं. त्यावर ४के सेकंदाला ३० चित्रांनीच चालतं. माउस हलवला की बाण चिखलातून चालल्यासारखा मागून येतो. मी आठवडाभर ते सोसलं आणि दोष माउसला देत होतो, नवीन माउसही आणला.

डॉकमधूनही तेच होऊ शकतं. टाइप-सीच्या वायरीत चार जलद मार्गिका असतात. डॉकला यूएसबी ३ पण द्यायचं असेल तर दोन त्याला जातात, दोन चित्राला उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने त्या दोनमधून सेकंदाला ८.६४ गिगाबिट जातात, ४के सेकंदाला ६० चित्रांनी चालवायला लागतात साडेबाराच्या आसपास. फुल एचडीचे दोन आरामात मावतात (एकाला साधारण साडेतीन), म्हणून ताईंच्या डॉकची काही तक्रार नाही. ४के घ्यायचंच तर टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ वायर लावा, मग चारही मार्गिका चित्राला मिळतात.

वहीखातं
१७ ऑगस्ट, दुपारी ४:३०

खारेदाणे, ४३ इंची तुम्ही पाठवताय का? पत्ता खासगी निरोपात पाठवते. :) माझे फुकटचे आहेत हो.

घड्याळजी
१७ ऑगस्ट, सायंकाळी ६:०५

फोर्टातल्या एका ब्रोकरकडे मी कॉम्प्युटरची देखभाल करायचो. १९९९ मध्ये मॅट्रॉक्सचं जी४०० कार्ड आलं, एका कार्डावर दोन मॉनिटर. डेस्कटॉपला ते घातलं त्या दिवशी शेठने ऑफिसला पेढे वाटले होते.

लॅपटॉपला मात्र तेव्हा बाहेरचा एकच मॉनिटर लागायचा. म्हणून पुढे एक डबी आणली. ती लॅपटॉपला सांगायची की बाहेर एकच मॉनिटर आहे, पण दुप्पट रुंदीचा. लॅपटॉप भोळा, तो तेवढं मोठं चित्र पाठवायचा आणि डबी ते मधोमध चिरून दोघांना वाटायची. पाइप एक, मॉनिटर दोन. भारी वाटलं. मग पहिली ऑर्डर टाकली. कन्फर्म करायची चौकट पडद्याच्या बरोब्बर मध्यावर आली, म्हणजे दोन मॉनिटरांच्या फटीत. 'ओ' डावीकडे, 'के' उजवीकडे. शेठ म्हणाला, हे अपशकुनी आहे, काढ.

काढली. ती डबी अजून माझ्या माळ्यावर आहे.

पिवळा डबा
१७ ऑगस्ट, रात्री ८:४४

लिनक्सवर ही मर्यादा ओलांडायला गेलात तर एक्सरँडर (पडदे जुळवायची तिथली आज्ञा) तोंडावर सांगतो की या जोडणीसाठी सीआरटीसी सापडत नाही. सीआरटीसी म्हणजे तेच अर्धाचहाचे पाइप. विंडोज नुसतं सेव्ह करत नाही आणि आपण वायरी बदलत बसतो. लिनक्स निदान खरं बोलतं.

शेंगदाणा
१७ ऑगस्ट, रात्री ९:१०

लिनक्स खरं बोलतं, पण वायफाय चालू असलं तर. (पळतो)

बाकी अर्धाचहा, तुमचं गणित मला पटलेलं नाही. माझा ऑफिसचा लॅपटॉप आठव्याच पिढीचा आहे, वेगळं कार्ड नाही. तीन बाहेरचे आणि एक त्याचा, चारही रोज चालतात. आत्ता समोर आहेत.

वळचण
१७ ऑगस्ट, रात्री ९:१८

डॉक उलटा करून खालचं स्टिकर वाचा. कुठे डिस्प्लेलिंक लिहिलंय का?

शेंगदाणा
१७ ऑगस्ट, रात्री ९:२९

लिहिलंय. गप्प बसतो.

वळचण
१७ ऑगस्ट, रात्री ९:५५

गप्प नका बसू, उत्तर तुमच्याच टेबलावर आहे.

वहीखातं ताई, झाकण उघडं ठेवून तिसरा हवा असेल तर हा मार्ग आहे. डिस्प्लेलिंकची चिप असलेला यूएसबी ते एचडीएमआय अडॅप्टर मिळतो. तो ग्राफिक्स चिपेचा पाइप मागतच नाही. ड्रायव्हर पडद्याचं चित्र प्रोसेसरकडून दाबून घेतो, यूएसबीतून साध्या डेटासारखं पाठवतो आणि अडॅप्टरमधली चिप ते उलगडून मॉनिटरला देते. मॅकवाले तिरकी रेघही याच वाटेने दुसरा मॉनिटर मिळवू शकतात.

फुकट काही नाही, प्रोसेसरवर भार येतो. बिलांचे फोटो आणि एक्सेलला काही जाणवणार नाही, गेम खेळायला निरुपयोगी. त्या पडद्यावर ओटीटीचा सिनेमा लावाल तर संरक्षित व्हिडिओ असल्यामुळे काळी चौकट दिसू शकते. ड्रायव्हर टाकावा लागतो, म्हणजे कंपनीचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांकडे तिकीट आणि पंधरा दिवस. तुमचा स्वतःचा आहे, प्रश्न नाही. यूएसबी ३ च्या भोकातच लावा. आणि घेताना 'यूएसबी ते एचडीएमआय' एवढंच वाचून घेऊ नका. दिसायला तसलेच टाइप-सीवाले साधे अडॅप्टर मिळतात, ते ग्राफिक्स चिपेचाच पाइप वापरतात. तो घेतलात तर परत चौथा नळ.

अनुस्वार
१७ ऑगस्ट, रात्री १०:३०

धागा वाचून माझ्या लॅपटॉपचं टाइप-सी तपासलं. डॉक लावला तर नुसता पेनड्राइव्ह चालतो, मॉनिटर अजिबात नाही. हेही पाइपचंच का?

अर्धाचहा
१७ ऑगस्ट, रात्री १०:४१

नाही. सगळ्या टाइप-सीमधून चित्र बाहेर पडत नाही. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टचं डी-पी चिन्ह किंवा थंडरबोल्टची (टाइप-सीच्याच आकाराची जास्त वेगवान जोडणी) वीज काढलेली आहे का बघा. चिन्ह नसलं तरी कधी कधी चालतं, तेव्हा मॉडेल नंबर घालून स्पेसिफिकेशन वाचा. नुसतं यूएसबी निघालं तर डिस्प्लेलिंकच.

जाता जाता, आठव्या पिढीला थंडरबोल्ट असला तरी पाइप तीनच. ४० गिगाबिटचा हमरस्ता दिला म्हणून गाड्या वाढत नाहीत.

खारेदाणे
१८ ऑगस्ट, सकाळी ९:००

म्हणूनच म्हणत होतो, ४३ इंची.

वहीखातं
२१ ऑगस्ट, दुपारी १२:२०

काल रात्री शेवटचं ३बी भरलं. आता जिवंत आहे, म्हणून लिहिते.

पैसे न खर्चता तूर्त झाकण मिटूनच काम केलं. तिन्ही मॉनिटर सहज चालले. डावीकडे फोटो, मध्ये एक्सेल, उजवीकडे टॅली. बाहेरचा कीबोर्ड लावलाय. आकडे टाकायला उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांशिवाय माझा हात चालत नाही, त्यामुळे लॅपटॉपच्या कीबोर्डचं दुःख नाहीच. एका पार्टीचं बिल दोनदा चढलेलं होतं, एक्सेल आणि फोटो शेजारी असल्यामुळे दोन मिनिटांत दिसलं. मागच्या महिन्यात असल्याच एका बिलाने माझी दुपार खाल्ली होती.

अडचण जागेची. मिटलेला लॅपटॉप ठेवायचा कुठे? स्वयंपाकघरातलं छोटं ताटाळं आणलं आणि दोन ताटांच्या खाचेत उभा केला. पंख्याची जाळी बाजूने मोकळी राहते, गरमही होत नाही. सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या. काल विचारलं, "यातलं एखादं मॅचला मिळेल का गं?"

एक प्रश्न राहिला. रात्री बंद केला की सकाळी चालू करायला ताटाळ्यातून काढून झाकण उघडावं लागतं, कारण बटण आत. त्यावर उपाय?

पिवळा डबा
२१ ऑगस्ट, दुपारी १२:३५

बंद करू नका, स्लीप करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'कॉम्प्युटर जागा करायची परवानगी' अशा अर्थाची खूण असते, ती करा. मग कुठलंही बटण दाबलं की उठेल. काही लॅपटॉपांत बायोसमध्येही (विंडोज सुरू व्हायच्या आधीची मूळ सेटिंग) यूएसबीवरून जागं व्हायचं सेटिंग सापडतं. विंडोज अपडेटच्या दिवशी मात्र ताटाळं आहेच.

गच्चीवरचा
२१ ऑगस्ट, दुपारी १२:४०

ताटाळ्याचा फोटो हवा. त्याशिवाय धागा पूर्ण होत नाही.

वहीखातं
२१ ऑगस्ट, रात्री १०:१५

पिवळा डबा, जमलं! कीबोर्डची स्पेसबार दाबली आणि तिन्ही उजळले. अर्धाचहा, वळचण, मनापासून आभार. अडॅप्टर दिवाळीनंतर बघते, तोपर्यंत हेच.

फोटो उद्या. सध्या ताटाळं जेवणाला गेलंय, लॅपटॉप गादीवर आहे.